पाठीवर काय काय

रानात जाणाऱ्या वयस्कर माणसाला भेट द्यायची, तर दुकानात जाण्याआधी घरातला तराजू बाहेर काढावा. वाढदिवसाची शाल कपाटात पडून राहते आणि कपाट कधी कुरकुर करत नाही. पण गाडीरस्ता संपल्यावर आणखी आठ-दहा किलोमीटर चढून जाणाऱ्या माणसाला दिलेली प्रत्येक वस्तू त्याच्या पाठीवर बसते. आपण मायेने दिलेले दोनशे ग्रॅम त्याला पावलापावलाला मोजावे लागतात. सासऱ्यांसाठी दर ऑक्टोबरच्या आधी काहीतरी घ्यायचं, असा शिरस्ता आमच्या घरात पडला आणि तेव्हापासून मी या हिशेबात अडकले आहे.

सासरे कोलोरॅडोचे. रॉकी पर्वताच्या पश्चिम उतारावर मीकर नावाचं लहानसं गाव आहे, त्याच्या आसपासच त्यांचा जन्म गेला. मी साताऱ्याची, डेन्व्हरला डोळे तपासण्याचं काम करते. नवरा त्यांना डॅड म्हणतो म्हणून मीही डॅड म्हणते. नावाने हाक मार, असं त्यांनी लग्नाच्या दिवशीच सांगितलं होतं, पण सासऱ्यांना नावाने हाक मारायला माझी जीभ आजही रेटत नाही. वय बहात्तर. गुडघे वयाचे, खांदे वयापेक्षा तरुण. दर वर्षी पानं पिवळी पडली की ते एल्कच्या शिकारीला निघतात. एल्क म्हणजे काश्मीरच्या हंगुलचा चुलतभाऊ, फक्त अंगापिंडाने थोराड. पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोच्या आसपास किंवा त्याहून जास्तच भरतो.

ते जातात ते रान फ्लॅट टॉप्स या नावाने ओळखलं जातं. नकाशावर पाहिलं तर सुमारे २,३५,००० एकर, म्हणजे आपल्या चांदोलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या जवळजवळ तिप्पट. बराचसा भाग दहा हजार फुटांच्या वर, कळसूबाईच्या दुपटीच्या आसपास. या रानाला एक इतिहास आहे, आणि डॅड तो पाहुण्यांना जेवणाच्या टेबलावर हमखास ऐकवतात. १९१९ साली आर्थर कारहार्ट नावाच्या तरुणाला वनखात्याने तिथल्या ट्रॅपर्स तलावाकाठी पाठवलं. काम होतं उन्हाळी बंगल्यांसाठी जागा आखून देण्याचं. त्याने पाहणी केली आणि वरिष्ठांना कळवलं की इथे काही बांधू नये. तलाव तसाच राहिला. पुढे १९६४ मध्ये अमेरिकेत असं निर्मनुष्य रान राखण्याचा कायदा झाला आणि १९७५ मध्ये फ्लॅट टॉप्स त्या कायद्याखाली आलं.

भेटीच्या दृष्टीने या कायद्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. तिथे इंजिन चालत नाही, हे कुणीही ओळखेल. पण चाकही चालत नाही. सायकल नाही, हातगाडीही नाही. माझ्या दिराने एकदा मोठ्या उत्साहाने शिकार ओढून आणायची दोन चाकांची घडीची गाडी सुचवली होती. अमेरिकेतल्या कुठल्याही शिकारीच्या दुकानात ती मिळते. डॅड हसले आणि म्हणाले, “छान आहे. अंगणातली पानं भरायला होईल.” म्हणजे शेवटी उरतात दोन पाय, किंवा घोड्याचे चार.

इथे थोडं माझ्याबद्दल सांगायला हवं, कारण शिकारीच्या वस्तू विकत घेणं मला सहज जमलेलं नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर जन्मलेल्या आमच्या पिढीला शिकार दोनच ठिकाणी दिसली: संस्थानिकांच्या पिवळट फोटोत किंवा कोर्टाच्या बातमीत. माडगूळकरांची आणि चितमपल्लींची पुस्तकं वाचून जंगलाकडे वळलेली मी, बंदूक असलेल्या घरात सून म्हणून आले. माझं मत बदललं की नाही, हे मलाही नीट सांगता यायचं नाही. पण एक गोष्ट दिसली. गोळी झाडणं हा त्या सगळ्या खटाटोपातला मिनिटभराचा भाग असतो, आणि कित्येक वर्षी ते मिनिट येतच नाही. परवान्यासाठी एप्रिलमध्ये अर्ज करायचा, सोडतीत नाव लागायची वाट पाहायची, उन्हाळाभर टेकड्या चढून पायात दम आणायचा. आणि जनावर पडलंच, तर खरं काम तिथून पुढे सुरू होतं. कोलोरॅडोत खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं गुन्हा आहे. चारही पाय, पाठीचे लांब स्नायू, कण्याच्या आतले कोवळे स्नायू, सगळं बाहेर आणायचं. शिंगं राहिली तरी चालतात. हाडं काढली तरी हे शंभर किलोच्या आगेमागे जातं. एका माणसाच्या पाठीवर एका खेपेला पंचवीस-तीस किलो धरा आणि खेपा मोजा.

म्हणून माझा पहिला नियम असा ठरला की शिकारीसाठी काही घ्यायचं नाही, परतीच्या वाटेसाठी घ्यायचं. जनावर कुठे सापडेल, वारा कुठून वाहतो, कधी हलायचं आणि कधी दगड होऊन बसायचं, हे त्यांना चांगलं कळतं. त्यात मी भर घालायला जाणं म्हणजे आजीला खरवस शिकवण्यासारखं. उतरताना मात्र पाठीवर ओझं असतं, पायाखाली ओली पानं असतात, अंधार पडलेला असतो, आणि वय नेमकं तिथे आडवं येतं.

चालण्याच्या काठ्या घ्यायच्या, हे मनात आलं आणि आधी आठवले माझे बाबा. निवृत्त शिक्षक. रोज सकाळी अजिंक्यताऱ्यावर जातात. गुडघा दुखायला लागला तेव्हा भावाने त्यांना चांगली शिसवी काठी आणून दिली. बाबांनी ती दाराआड ठेवली. “मी काय म्हातारा झालोय?” हे वाक्य त्यांनी उच्चारलंही नाही, नुसतं काठीकडे पाहिलं. पुढे गडाच्या वाटेवर भटकी कुत्री वाढली. मग काठी बाहेर आली. कुत्र्यांसाठी! आजवर त्या काठीने एकाही कुत्र्याला शिवलेलं नाही, पण चढताना-उतरताना ती बरोबर दगडावर टेकते. घरात कुणी त्याबद्दल काही बोलत नाही.

तेव्हा डॅडना काठ्या देताना मी कुत्रं शोधत होते. ते सापडलं दुर्बिणीत. अ‍ॅल्युमिनियमच्या दोन काठ्या, जोडी अर्ध्या किलोच्या आतली, वरच्या बाजूला पट्ट्याने एकत्र बांधल्या की फुलीसारखा आधार तयार होतो. त्यावर दुर्बीण टेकवून तासन्‌तास समोरचा उतार न्याहाळता येतो, हात भरून येत नाहीत. मी काठ्यांबद्दल बोललेच नाही, त्या आधाराबद्दल बोलले. डॅडनी पट्टा दोनदा बांधून-सोडून पाहिला, मान हलवली आणि काठ्या गाडीत नेऊन ठेवल्या. उतरताना गुडघ्यांवरचा भार काठ्यांमुळे हलका होतो, हे त्यांना माहीत नसेल, असं मला एक क्षणही वाटलं नाही.

दुर्बिणीशी मात्र माझी गाठ धंद्याची. तिथे मी गप्प बसूच शकत नव्हते.

डॅडच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे. त्यानंतर पहिल्यांदा बर्फ पडला तेव्हा ते खिडकीत उभे राहून म्हणाले, “यात निळा रंग असतो, हे मी विसरलोच होतो.” हे अगदी खरं आहे. वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं आणि निळा रंग हळूहळू खाऊन टाकतं. ते इतक्या सावकाश होतं की माणसाला पत्ताही लागत नाही. जुनं भिंग निघालं की निळाई एकदम परत येते. त्या वर्षी त्यांना नवी दुर्बीण घ्यायचं ठरलं आणि दुकानातला विक्रेता आम्हाला मोठ्या काचेच्या दुर्बिणींकडे घेऊन गेला. संधिप्रकाशासाठी हीच, तो म्हणाला. आठ पट मोठं दाखवणारी, पुढची काच छप्पन मिलिमीटरची.

आता हा हिशेब साधा आहे आणि कुठल्याही दुर्बिणीला लागू पडतो. पुढच्या काचेचा व्यास भागिले पट. छप्पन भागिले आठ, म्हणजे सात. दुर्बिणीतून डोळ्याकडे येणारा उजेडाचा झोत सात मिलिमीटर रुंद. विशीतल्या पोराची बाहुली अंधारात जवळपास तेवढी उघडते, त्यामुळे त्याला तो सगळा उजेड मिळतो. सत्तरीतल्या माणसाची बाहुली तेवढी उघडतच नाही. डॅडची मी माझ्या दवाखान्यात दिवे मंद करून मोजली होती, पाच मिलिमीटरलाही पोचत नव्हती. म्हणजे त्या महागड्या काचेने गोळा केलेला बराचसा उजेड त्यांच्या बुबुळावर आपटून वाया जाणार, आणि काचेचं वजन मात्र पूर्णच्या पूर्ण गळ्यात. त्यापेक्षा बेचाळीसची काच आणि आठ पट घेतली की सव्वापाचचा झोत मिळतो. त्यांच्या बाहुलीला पुरून उरतो, वजन सातशे ग्रॅमच्या आसपास राहतं. दहा पटीची त्यांची जुनी दुर्बीण जनावर जवळ आणते खरी, पण हाताची थरथरही दहा पट करते. बहात्तराव्या वर्षी थरथर असतेच, मानायची नसते एवढंच.

ही परीक्षा आम्ही दुकानाच्या दिव्याखाली नाही घेतली. दोन्ही दुर्बिणी घेऊन सूर्य मावळल्यावर घरामागच्या कुरणात गेलो. कोलोरॅडोत मोठ्या जनावराची शिकार सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतच करता येते, आणि एल्क बाहेर पडतात तेही नेमके त्याच कडेच्या उजेडात. तेव्हा दुर्बिणीची खरी वेळ तीच. कुरणाच्या टोकाला एक वठलेलं अ‍ॅस्पेनचं झाड आहे. डॅडनी आधी जुनी दुर्बीण लावली, मग नवी, पुन्हा जुनी. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “फांद्या मोजू का?” त्यांनी मोजल्या. जुन्या दुर्बिणीने त्या झाडाच्या जेवढ्या फांद्या दाखवल्या, त्याहून तीन जास्त नवीने दाखवल्या. मी त्यांना बाहुलीचा हिशेब सांगितला नाही. सांगायची गरज होती असंही वाटत नाही. थरथरत्या हाताचं मोठं चित्र आणि स्थिर हाताचं लहान चित्र, यातलं कुठलं जास्त सांगतं ते त्यांनी स्वतःच ठरवलं.

नाही तरी डोळ्यांच्या बाबतीत शिकारी लोकांना अर्धं शास्त्र तोंडपाठ असतं. इथे बंदुकीच्या हंगामात कमरेच्या वर किमान पाचशे चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी रंग घालावा लागतो, आणि टोपीही त्याच रंगाची. शहरातल्या माणसाला वाटतं, एवढा रंग घातलेला माणूस जनावराला दिसणार नाही का? हरणांच्या डोळ्यात लाल-नारिंगी वेगळा ओळखणारी पेशीच नसते. निळा मात्र त्यांना आपल्याहून चांगला दिसतो. धुण्याच्या पावडरमध्ये कपडे उजळ करणारं जे द्रव्य असतं, ते नेमकं निळसर चमकतं. म्हणून डॅड शिकारीचे कपडे साध्या साबणाने स्वतः धुतात आणि मॉमला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, त्या बादलीला हात लावू देत नाहीत.

तरीही त्यांच्या शास्त्रातून एक गोष्ट सुटलेली होती, आणि ती मी दिलेली सगळ्यात स्वस्त भेट ठरली. मोतीबिंदूनंतर बसवलेलं साधं भिंग एकाच अंतरावर स्थिर असतं. डॅडचं दूरच्यासाठी बसवलेलं आहे. डोंगर लख्ख दिसतो, हातातली सुई दिसत नाही. घरात चष्मा टेबलावर पडलेला असतो, त्यामुळे ते जाणवत नाही. रानात मात्र जवळचं सगळं जीवघेणं असतं: औषधाच्या गोळीवरचं नाव, होकायंत्रावरचा आकडा, बोटात शिरलेला काटा, आणि सगळ्यात वाईट म्हणजे पात्याची धार. आजकाल शिकारी बदलत्या पात्यांचा चाकू वापरतात. शस्त्रक्रियेच्या सुरीसारखं पातळ पातं, बोथट झालं की काढून नवं लावायचं. बोटांना चरबी लागलेली, थंडीने बोटं बधिर, आणि ते पातं बदलायचं. त्यात डॅड रक्त पातळ करणारी गोळी घेतात. आमच्या धंद्यात असं म्हटलं जातं की साठीच्या माणसाच्या डोळ्यातल्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या तुलनेत एक तृतीयांशच उजेड पोचतो. म्हणजे ज्या दिव्यात नातू चित्रं काढतो, त्या दिव्यात आजोबा चाचपडतात.

तर घडीचे दोन वाचायचे चष्मे. एक प्रथमोपचाराच्या पिशवीत चिकटपट्टीने डकवलेला, एक चाकूच्या म्यानाला बांधलेला. दोन्ही मिळून एखाद्या पत्राएवढं वजन. डोक्याला बांधायचा दिवा थोडा जास्त प्रखर, त्यात लिथियमच्या बॅटऱ्या, कारण साध्या बॅटऱ्या थंडीत माना टाकतात. आणि डाव्या हातात घालायचा, पातं न शिरणारा हातमोजा. तो मी स्वयंपाकघराच्या दुकानातून आणला होता, किसणीवर बोटं सोलू नयेत म्हणून मिळतो तो. डॅडनी हातात चढवून मूठ उघडली-मिटली आणि म्हणाले, “ओल्या कातड्यावर पकड चांगली येईल याने.” म्हटलं, त्यासाठीच आणलाय.

बाकीच्या वस्तूंवर फार बोलण्यासारखं नाही. मेरिनो लोकरीचे मोजे, कारण लोकर ओली झाली तरी ऊब सोडत नाही आणि सुती मोजा ओला झाला की पाय बर्फात ठेवल्यासारखा. पाणी गाळायची बारीक नळ्यांची गाळणी आम्ही काढून टाकली. ती एकदा गोठली की आतून फुटते आणि फुटलेली बाहेरून कळत नाही. तिच्याऐवजी पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, ज्यांना गार पाण्यात काही तास लागतात. पण डॅडना कुठे घाई असते? हात शेकायच्या पुड्या मात्र त्यांनी परत केल्या. त्यात लोखंडाचा कीस असतो, हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन तो तापतो, आणि दहा हजार फुटांवर हवाच विरळ. “तिथे त्याही धापा टाकतात,” डॅड म्हणाले. मॉमने कार्बन मोनॉक्साइडची घंटा आणली. तळावरच्या मोठ्या तंबूत लाकडाची शेगडी असते, त्यासाठी. ती गाडीबरोबर तळावरच राहते, पाठीवर जात नाही, त्यामुळे तिच्यावर वाद झाला नाही.

वाद झाला तो उपग्रहाशी बोलणाऱ्या यंत्रावर. मोबाइलचं नेटवर्क त्या रानात जवळजवळ कुठेच नाही. हे यंत्र इरिडियमच्या साखळीतल्या उपग्रहांमार्फत निरोप पाठवतं, ते सासष्ट उपग्रह मिळून सगळी पृथ्वी व्यापतात. वजन शंभर ग्रॅम. एक बटण दाबलं की मदत मागता येते. कोलोरॅडोत शिकारीच्या प्रत्येक परवान्यातले २५ सेंट शोध आणि बचावाच्या निधीत जातात, त्यामुळे मदत मागायची लाज वाटायचं कारण नाही, असं मी त्यांना समजावत होते. त्यांचा आक्षेप वेगळाच निघाला. यंत्र दर दहा मिनिटांनी आपली जागा कळवतं आणि घरच्यांना नकाशावर ठिपका सरकताना दिसतो. नवऱ्याला ते फार आवडलं. डॅड म्हणाले, “ठिपका थांबला की तुम्हाला वाटणार मी पडलो. मी तिथे थांबायलाच जातो.”

त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. झाडाच्या बुंध्याशी चार-चार तास न हलता बसणाऱ्या माणसाचा ठिपका घरी बसून बघणं म्हणजे स्वतःच्या छातीवर दगड ठेवून घेणं. शेवटी तह झाला. ठिपका बंद. यंत्रात आधीच लिहून ठेवता येतात असे तीनच निरोप. पहिल्याचा मजकूर डॅडनी सुचवला होता ‘जिवंत आहे’, तो मॉमने तिथल्या तिथे खोडला. आता तो ‘ठीक आहे, जेवलो’ असा आहे आणि रात्री जेवणानंतर येतो. दुसरा, ‘उशीर होईल, काळजी नको.’ तिसरा, ‘रिकामी पाठपिशवी घेऊन ये.’ खरं सांगायचं तर हे शंभर ग्रॅम त्यांच्या कामाचे कमी आणि आमच्या झोपेचे जास्त आहेत. आमची झोप ते दहा हजार फूट चढवतात, एवढं तरी आम्ही लक्षात ठेवावं.

निघायच्या आदल्या रात्री डॅड गॅरेजमधल्या लांब टेबलावर सगळं मांडतात. मॉमचा स्वयंपाकघरातला काटा तिथे येतो. प्रत्येक वस्तू काट्यावर ठेवायची, कागदी चिकटपट्टीच्या तुकड्यावर पेन्सिलीने ग्रॅम लिहायचे आणि तुकडा त्या वस्तूवर चिकटवायचा. मग एक-एक वस्तू उचलून ते विचारतात, “ही नसेल तर काय होईल?” उत्तर ‘गैरसोय’ असेल तर वस्तू खाली. उत्तर ‘मरेन’ असेल तर पिशवीत. मधली उत्तरं टेबलावर राहतात आणि त्यांचा निकाल मध्यरात्रीपर्यंत लागत नाही. पहिल्या वर्षी मी दिलेल्या वस्तू त्या मधल्या ढिगात बसलेल्या मी पाहिल्या आहेत. आपली माया कुणीतरी उलट्या हाताने काट्यावर ठेवतंय, हे बघायला कठीण जातं. पण त्या टेबलावर भावनेला सूट नाही. मॉमने चाळीस वर्षांपूर्वी विणलेली लोकरी टोपी जाते, कारण ती हलकी आहे. तिने दिलेला चांदीचा थर्मास कधीच गेला नाही.

एक गंमत अशी की माझ्या भेटींनी अमेरिकेतल्या जंगलाला एक छदाम मिळत नाही. इथे शिकारीच्या लांब बंदुका आणि काडतुसांवर अकरा टक्के कर आहे, आणि १९३७ च्या एका कायद्याने तो पैसा राज्यांना वन्यजीव आणि अधिवासासाठी मिळतो. चष्मा, मोजे, स्वयंपाकघरातला हातमोजा त्यात येत नाहीत. दीर मला यावरून चिडवतो. तो दर वर्षी डॅडना काडतुसांची पेटी देतो आणि म्हणतो, मी एल्कच्या पिल्लांसाठी कुरण घेतलं, तू किसणीचा मोजा घेतलास.

आता गुडघ्यांचं काय करायचं, हा प्रश्न दोन-तीन हंगाम टेबलाखाली पडून होता. काठ्या आणि चष्मे शंभर किलो मांस उचलत नाहीत. मीकरच्या बाजूला घोडेवाले आहेत, ते पैसे घेऊन माल खाली आणतात, आणि कायद्याला घोड्याचं वावडं नाही. आम्ही भावंडांनी पैसे जमवून घोडेवाल्याची भेट द्यायची, असा विचार केला. ती भेट पाठीवर बसत नाही, उलट पाठ मोकळी करते. कागदावर यापेक्षा चांगली भेट सुचणार नाही. डॅडनी ऐकून घेतलं आणि मुलाला विचारलं, “तुला सुट्टी मिळत नाही का?”

माझा नवरा शिकार करत नाही. सोळाव्या वर्षी एकदा बरोबर गेला होता, पुन्हा बंदूक हातात घेतली नाही, का ते त्याने मला सांगितलं आहे आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही. बापलेकांमध्ये त्या विषयावर कधी बोलणं झाल्याचं मला माहीत नाही. पण त्या ऑक्टोबरात त्याने रजा टाकली आणि मीकरला आईकडे जाऊन राहिला, लॅपटॉप उघडून, शेजारी ते यंत्राचं ॲप. रोज रात्री ‘ठीक आहे, जेवलो’ येत होतं. मग एका सकाळी तिसरा निरोप आला.

नवरा दुपारपर्यंत वर पोचला. त्या रानातली स्प्रूसची झाडं १९४० च्या दशकात किड्याने मोठ्या प्रमाणावर मारली होती, त्यातली कित्येक अजून वाटेत आडवी पडलेली असतात. ती ओलांडताना धापा लागल्या, असं तो सांगतो. वर डॅड एका ओंडक्यावर बसले होते, नाकावर घडीचा चष्मा, डाव्या हातात तो मोजा. चारही पाय कापडी पिशव्यांत घालून सावलीला फांदीवर टांगलेले, वारा लागून वरची बाजू सुकलेली. मांस गार पडायला हवं, ते त्यांनी एकट्याने रात्रीत उरकलं होतं. बोटं सगळी शाबूत.

मग ओझी बांधायला घेतली. एल्कचा मागचा पाय पुढच्यापेक्षा बराच जड. आजवर तो कुणी घ्यायचा हा प्रश्नच आला नव्हता, कारण घेणारा एकच होता. डॅडनी मागचा पाय उचलून मुलाच्या पाठपिशवीवर ठेवला, पट्टा ओढला आणि त्याचा हात बाजूला सारत म्हणाले, “मोठा तू घे. चष्मा माझ्याकडे आहे, गाठ मी मारतो.”